फॉर्म बी आहे, मग अजून काय बघायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ठाण्यात आमचं सात मजली कमर्शियल कॉम्प्लेक्स आहे, मी मागच्या वर्षीपासून तिथे बिल्डिंग मॅनेजर आहे. दर जानेवारी आणि जुलैला एजन्सीवाले येऊन सगळं चेक करतात, फॉर्म बी देतात, तो आम्ही फायर ब्रिगेडला देतो. आता एका भाडेकरू कंपनीने मेल टाकलाय की फायर रिस्क असेसमेंटचा रिपोर्ट पाठवा. आमचे सेक्रेटरी म्हणतात तोच फॉर्म बी पाठवून दे. दोन्ही एकच आहे का?

उत्तर: एकच नाही, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण नव्वद टक्के ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आपल्या महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 चा, लागू झाला 2008 च्या डिसेंबरमध्ये. त्याच्या कलम 3 मध्ये जबाबदारी सरळ मालक किंवा भोगवटादारावर टाकलीये, एजन्सीवर नाही. फॉर्म बी म्हणजे लायसन्स्ड एजन्सीने लिहून दिलेलं की बसवलेली यंत्रणा, म्हणजे पंप, हायड्रंट, होज रील, डिटेक्टर, हूटर वगैरे, चालू स्थितीत आहे. वर्षातून दोनदा हे झालंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण पंप चालू आहे म्हणजे पाचव्या मजल्यावरची माणसं खाली पोचतील, असं तो कागद म्हणत नाही. रिस्क असेसमेंट तेवढंच विचारतं: आग कुठे लागू शकते, तेव्हा तिथे कोण असेल, आणि ते बाहेर कसे पडतील.

एका ऑफिस बिल्डिंगमध्ये मी गेलो होतो तेव्हाचं सांगतो. फॉर्म बी त्याच महिन्यातला, पंप एका बटणावर सुरू झाला, आग विझवायच्या सिलेंडरचे काटे सगळे हिरव्यात. मग मी म्हटलं चला, चौथ्या मजल्याच्या मागच्या जिन्याने खाली उतरू. दार उघडेना. चोऱ्या होतात म्हणून साखळी घालून कुलूप लावलेलं, चावी खाली सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये, एकाच रिंगमध्ये तीस-चाळीस चाव्या आणि एकीवरही नाव नाही. तो गार्ड बिचारा एकेक चावी लावून बघत होता आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे. सात मिनिटं लागली, तेही दिवसाउजेडी आणि धूर नसताना. दार उघडलं तर पलीकडे पाण्याचे रिकामे जार आणि कुरियरचे खोके छातीपर्यंत रचलेले.

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळला कमला मिलमधल्या पबच्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेचसे भाजून नव्हे, गुदमरून, आणि कितीतरी जण बाहेर पडायच्या ऐवजी टॉयलेटमध्ये शिरलेले सापडले. धूर भरला की माणसाला दार दिसत नाही, मग तो ओळखीच्या वाटेकडे नाहीतर जवळच्या आडोशाकडे पळतो. म्हणून वाट आधीच पायाखालची पाहिजे.

तर तुम्ही असं करा. प्रत्येक मजल्यावरच्या सगळ्यात लांबच्या टेबलापासून स्वतः चालत खाली या, दोन्ही जिन्यांनी, मोबाईलवर वेळ लावून. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, कारण रात्री हाऊसकीपिंगच्या बायका असतात आणि त्यांना मागचा जिना कोणी दाखवलेलाच नसतो. वाटेत दार कुठल्या बाजूला उघडतं, फायर डोअरला (आग आणि धूर अडवणारं जिन्याचं दार) वीट किंवा कुंडी लावून ते उघडं ठेवलंय का (उघडं ठेवलं की धूर थेट जिन्यात), गच्चीच्या दाराला कुलूप आहे का ते बघा. इलेक्ट्रिकल डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांतून केबल नेणारी उभी पोकळी, उघडायला लावा. केबल नेताना प्रत्येक मजल्यावर स्लॅबला भोक पाडतात आणि ते बुजवायचं राहून जातं, मग तो डक्ट म्हणजे सरळ धुराडं होतं, खालची आग थेट वरच्या मजल्यावर पोचते. मीटर रूममध्ये रंगाचे डबे, जुन्या खुर्च्या असतील तर आजच काढा. कोणाला जिना उतरता येत नाही, गुडघे, गरोदरपण, व्हीलचेअर, हेही मजल्यानुसार विचारून ठेवा आणि त्यांच्या सोबत कोण थांबणार त्याचं नाव ठरवा.

जे दिसलं ते तारखेसकट वहीत लिहा, समोर कोण दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत. भाडेकरूने इंटिरियर बदललं, नवीन पार्टिशन टाकलं की परत बघायचं. फायर ड्रिलचं, म्हणजे बाहेर पडायच्या सरावाचं म्हणाल तर नॅशनल बिल्डिंग कोड (इमारतींसाठीची देशपातळीवरची नियमावली) उंच इमारतींना पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी सांगतो. सेक्रेटरींना हे पटत नसेल तर त्यांना घेऊनच मागच्या जिन्याने उतरा.

प्रश्न: नाशिकला माझं कपड्याचं दुकान आहे, मागे गोडाऊन. दोन मुलं रात्री तिथेच झोपतात, गावाकडची आहेत, खोलीचं भाडं परवडत नाही त्यांना. चोरीच्या भीतीने मी बाहेरून शटरला कुलूप लावतो. यात काही धोका आहे का?

उत्तर: आहे, आणि आज रात्री कुलूप लावू नका, हात जोडून सांगतो. 9 मे 2019 ला पुण्याजवळ उरुळी देवाचीला साडीच्या दुकानात पहाटे आग लागली, आत पाच कामगार झोपलेले, दार बाहेरून बंद. पाचही गेले. कापडाचा गठ्ठा पेटला की धूर इतका दाट होतो की जागं व्हायलाही वेळ मिळत नाही. मुलांची झोपायची सोय दुसरीकडे करा, थोडं भाडं तुम्ही द्या. ते होईपर्यंत आतून बिनचावीचं उघडेल असं दार पाहिजे, स्मोक डिटेक्टर लावा, आणि मोबाईल आधीच, कापडापासून लांब चार्ज करून घेऊन रात्री दुकानाचा मेन स्विच बंद. चोरीसाठी कॅमेरा लावता येतो.

प्रश्न: ऑफिसात स्प्रिंकलर (आग लागली की पाणी फवारणारे छतातले नळ) बसवले तर कोणी सिगारेट ओढली तरी सगळे कॉम्प्युटर भिजतील का?

उत्तर: नाही. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, उष्णता कळते. त्या नळीच्या तोंडाशी जो लाल काचेचा बल्ब दिसतो तो साधारण 68 अंशाला फुटतो, आणि ज्याचा फुटला तेवढाच एक सुरू होतो, बाकीचे बंदच राहतात. सिनेमात दाखवतात तसं एकदम सगळीकडून पाणी येत नाही. फक्त रंगकाम करताना पेंटरला सांगा की त्या बल्बवर ब्रश फिरवायचा नाही, आणि रॅकवरचा माल त्याच्या अगदी खाली भिडवून रचायचा नाही, पाणी पसरायला जागा लागते.