पैंजण ‘मोडले’ की ‘विकले’?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: “आजीचे जुने पैंजण सराफ्यात नेले. दुकानदार म्हणाला, ‘मोड म्हणून घेतो, टंच साठ बसेल, घट वेगळी.’ पुण्याची मावशी विचारते, चांदी विकलीस का? मी म्हटलं, विकली नाही, मोडली. यात खरंच फरक आहे, की आपण इंदूरवाले उगाच वेगळं बोलतो?”

फरक आहे, आणि तो इंदुरी नाही, पक्का मराठी आहे. हिंदीत ‘गलवाना’, ‘तुड़वाना’ म्हणतात. आपण मुदतठेव मोडतो, नोट मोडतो, तसाच दागिनाही मोडतो. घडवलेली किंवा बांधलेली वस्तू तिच्या मूळ किमतीवर परत आणणं, हा या सगळ्या ‘मोडण्या’मागचा अर्थ. विकताना वस्तू वस्तू म्हणून दुसऱ्याकडे जाते. मोडताना दागिना संपतो आणि उरतो तो धातू. पैंजणाची नक्षी, घुंगरू, कारागिराचे तास यांचा भाव त्या क्षणी शून्य. हाच नामरूपात ‘मोड’ होतो, स्त्रीलिंगी: ‘मोड दिली आणि नवं घेतलं’. (मटकीला येतात ते मोड पुल्लिंगी, त्यांचा इथे संबंध नाही.) ‘मोडीत काढणे’ आणि ‘मोडीच्या भावात’ हे याच घरातले.

आता टंच. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो आकडा म्हणजे टंच. साठ टंच म्हणजे साठ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. हॉलमार्कवर हेच हजारात लिहितात, जसं 800, 925, 990. म्हणजे 925 ची चांदी सराफाच्या बोलीत साडेबाण्णव टंच. इंदूरच्या वर्तमानपत्रांत रोजच्या भावांत ‘चांदी चौरसा’, ‘चांदी टंच’ आणि ‘चांदी सिक्का’ अशा तीन ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. चौरसा म्हणजे शुद्ध चांदीची चौकोनी लगड, आणि सिक्क्याचा भाव वजनावर नाही, नगावर. लोक पहिली ओळ वाचून दुकानात जातात आणि चिडून परततात, ते यामुळेच.

टंच हल्ली यंत्रावर पाहतात. पण ते यंत्र किरणांनी वरचा थर वाचतं, आतलं नाही. वरून पाणी चढवलेलं असेल तर आकडा फुगतो. पैंजणाला तर कडीकडीला झाळ (जोडाची डाक) असते, आणि झाळीत चांदी कमी. म्हणून जाणता सराफ आटणी करून, सगळं एकजीव झाल्यावर टंच काढतो. आटवताना मळ आणि कचरा जळून वजन उतरतं, ती घट. ही घटही स्त्रीलिंगी. नवरात्रात बसतो तो घट वेगळा.

आता यात दुकानदाराला काय सुटतं? हिशेबाला सोपं म्हणून शुद्ध चांदी ग्रॅमला 100 रुपये धरू. शंभर ग्रॅमचे पैंजण, टंच साठ: आत चांदी साठ ग्रॅम, किंमत 6,000. घट आणि त्याचा फरक कापून तो समजा 5,700 देईल. शुद्ध करायला गेल्यावर त्याच्या हाती चांदी येणार ती साठ ग्रॅम किंवा थोडी कमीच. शुद्धीकरणाचा खर्च वेगळा. म्हणजे मोडीत त्याला तीनशेच्या आतच सुटतं. खरी कमाई झाली ती पैंजण पहिल्यांदा विकले तेव्हा. साठ टंचाचा माल शंभरच्या शंभर ग्रॅम वजनावर, शुद्ध चांदीच्या भावाजवळ लावला, वर मजुरी घेतली, की नफा त्या दिवशीच खिशात. ताई, तुमच्या आजीला फसवलं असं मी म्हणत नाही. पैंजण कमी टंचाचेच करतात, शुद्ध चांदी मऊ पडते, कडी टिकत नाही. पण टंच न सांगता वजनाचा भाव लावणं याला मी सरळ व्यवहार म्हणणार नाही.

भाव चढल्यावर सराफ मालामाल होतो, हाही एक गैरसमज. मोठा व्यापारी दिवसभरात घेतलेल्या मोडीएवढा सौदा त्याच दिवशी पुढे विकून टाकतो, नाहीतर वायदे बाजारात पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून ठेवतो. भाव पडला तरी त्याला झोप लागते. त्याची कमाई उलाढालीवर.

घेण्या-देण्याच्या भावातल्या या फरकाला जुना शब्द बट्टा. मराठेशाहीत गावोगावचे रुपये वेगवेगळे: चांदवडी, अंकुशी, शिवाय होळकरांच्या टांकसाळीतले, ज्यांवर इंदूरचं नाव मल्हारनगर. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ वजन आणि कस पाहून बट्टा कापायचा. नाणं हिणकस तेवढा बट्टा जास्त; तिथूनच ‘नावाला बट्टा लागला’. सराफ हा शब्दही मुळात अरबी, नाणी बदलून देणारा या अर्थाचा. दिवसा तोच धंदा करणाऱ्या आपल्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस मिळतो, ही इंदूरची स्वतःची भर.

आजीच्या डब्यात इंग्रजी काळातला राणी छाप रुपया असेल तर तो मात्र मोडीत देऊ नका. तो एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, आणि जवळजवळ 91.7 टंचाचा असतो. नगाने विकला तर जास्त मिळतं. त्याच्या बाबतीत मावशीचा ‘विकला’ हाच शब्द बरोबर. 1940 ते 1945 च्या राजा छाप रुपयात चांदी निम्मीच आहे, तेव्हा आधी साल पाहा.

राहिली मजुरी. मराठीत घडणावळ, शिवणावळ-दळणावळीच्या पंगतीतली. इंदुरात आपण सर्रास ‘घडाई’ म्हणतो, माझी त्याला हरकत नाही. नवे पैंजण घेताना पावतीवर टंच, वजन आणि घडाई हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. मोडीच्या दिवशी पहिल्या दोनांचेच पैसे मिळतात.