शिवणकामासाठी आपल्या मापाचा फॉसशेपचा पहिला पुतळा करताय?

ताई, सुरुवात पुतळ्यापासून नको, तुकड्यापासून करा. 10 बाय 10 सेंमीचा चौकोन कापा, वाफेची इस्त्री जरा वर धरून फिरवा आणि पुन्हा मोजा. फॉसशेप हे मऊ, जाडसर पॉलिएस्टर कापड वाफेनं आटतं आणि कडक होतं. किती आटलं ते कळलं की कापताना किती जास्त ठेवायचं तेही कळतं. मी ही पायरी गाळून थेट अंगाच्या मापाचं कापलं होतं. पाठीची शिवण चार बोटं उघडीच राहिली, कापड गेलं ते गेलंच.

बाकी सध्या एवढंच:

- वाफ अंगावर कधीच नाही! आधी अंगातल्या जुन्या टी-शर्टवर टेप गुंडाळून साचा करा, उतरवून चिंध्यांनी गच्च भरा. त्यावर सुती कापडाचा थर, मग फॉसशेप.
- साचा घेताना रोजचीच ब्रा घाला. नवीन घालून घेतलं की ब्लाउज पुढे चुकतोच.
- इस्त्री एका जागी थांबवू नका. कमरेत, छातीखाली थोडी थोडी वाफ द्या, हातमोजे घालून दाबा. आटलेलं परत सैल होत नाही.

मान, खांदे, स्टँड नंतर बघू. तुकडा किती आटला ते आधी सांगा, मग कापायचा हिशोब बसवू.