काचेच्या दाराला फिल्म लावली, सोसायटीची नोटीस आली

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलमधून टेरेसवर जायला ८ फूट रुंद काचेचं सरकतं दार आहे. समोर नवी इमारत झाल्यापासून तिथल्या बाल्कन्यांतून आमचा सगळा हॉल दिसतो. म्हणून काचेला आतून दुधी फिल्म लावली आणि बाहेरच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून बांबूची चिक टांगली. आता सेक्रेटरींचं पत्र आलंय: ‘इमारतीचं बाह्यरूप बदललं, ७ दिवसांत दोन्ही काढा, नाहीतर रोज १०० रुपये दंड.’ समोरच्यांनी बाल्कनीत कॅमेराही लावलाय, तो आमच्या दाराकडे रोखलेला दिसतो. काय करावं?

उत्तर: फिल्म आणि चिक यांची बाजू एकाच दमात मांडू नका. फिल्मची बाजू भक्कम आहे, चिकेची लंगडी. चिक आधी उतरवा आणि ती उतरवल्याचा फोटो उत्तराला जोडा.

टेरेस तुमच्या वापरातली असली तरी बाहेरची भिंत साऱ्या इमारतीची. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) फेरफार किंवा वाढीव काम करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते. शिवाय ब्रॅकेटच्या भोकातून पावसाचं पाणी भिंतीत मुरलं आणि ओल खालच्या घरात उतरली, तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या गळ्यात येईल. भोकं सीलंटने बुजवून घ्या. चिक हवीच असेल तर रंग, माप आणि बसवण्याची पद्धत लिहून रीतसर परवानगी मागा.

फिल्मचं तसं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंधित किंवा बाह्यरूपात ठळक फरक न करणाऱ्या कामांना विकास परवानगीतून सूट आहे. हे कलम महापालिकेच्या परवानगीपुरतं. सोसायटीचे उपविधी त्याने गुंडाळले जात नाहीत. पण ‘बाह्यरूप बदललं’ या आरोपाला उत्तर देताना कायदा कशाला बदल मानतो, हे दाखवायला ते कामी येतं.

मात्र फिल्म खरंच साधी दुधी आहे ना? आरशासारखी चमकणारी असेल तर बाहेरून दार वेगळं दिसतं, ऊन परावर्तित होऊन समोरच्यांच्या डोळ्यांवर येतं आणि सोसायटीची तक्रार खरी ठरते. तिचा उपयोगही अर्धाच. दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून आतलं दिसत नाही. रात्री हॉलमध्ये दिवे लागले की उलट होतं. ती असेल तर बदला.

काचेचा प्रकारही पाहून ठेवा. काच टफन (तापवून मजबूत केलेली) असेल तर कोपऱ्यात सहसा कोरलेला शिक्का असतो. साध्या काचेवर गडद फिल्म लावली आणि दार पश्चिमेला असलं की मधला भाग तापतो, चौकटीत झाकलेली कड थंड राहते आणि काच कडेपासून तडकते. दुहेरी काचेच्या दाराला फिल्म लावण्याआधी काच बनवणाऱ्याचं लेखी मत घ्या. इमारतीचा ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) खाली बांधकामातले दोष बिल्डरला दुरुस्त करून द्यावे लागतात. दाराच्या चौकटीला स्क्रू मारून त्याला पळवाट देऊ नका.

आता पत्राचं उत्तर. ७ दिवसांच्या आत, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रस्त्यावरून दिवसा आणि रात्री काढलेले दाराचे फोटो, फिल्मचं बिल आणि वीतभर नमुना जोडा. मग तीन गोष्टी मागा: कोणत्या उपविधीचा भंग झाला त्याचा क्रमांक, समितीच्या ठरावाची प्रत आणि दंडाचा दर मंजूर करणारा सर्वसाधारण सभेचा ठराव. कारणे दाखवा नोटीस, तुमचं म्हणणं ऐकणं आणि सभेचा निर्णय यांशिवाय सेक्रेटरींना एकट्याने दंड ठरवता येत नाही. बिलात तो जोडलाच तर मेंटेनन्स वेळेवर भरा आणि दंडाच्या रकमेवर वेगळी लेखी हरकत घ्या. रागाने पूर्ण बिल अडवणारे सभासद थकबाकीदार ठरतात आणि मूळ मुद्दा मागे पडतो.

तरीही मिटलं नाही, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करता येतो. त्याआधी एक तपासा: तुमची इमारत खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट, म्हणजे जिथे सहकारी संस्था नसून प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा थेट मालक असतो? नाशिकमध्ये दोन्ही आहेत, बोलताना मात्र सगळे सोसायटीच म्हणतात. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आणि तुमच्या इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) पाहावं लागेल. वर सांगितलेला मार्ग तसाच लागू होणार नाही.

समोरच्या खिडक्या-बाल्कन्यांविरुद्ध दावा करायच्या फंदात पडू नका. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ खाली शेजाऱ्याविरुद्ध खासगीपणाचा हक्क स्थानिक रूढीतून येतो, आणि ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नव्या वसाहतीत ते जवळपास अशक्य.

कॅमेऱ्याचं वेगळं. आधी त्याची दिशा दिसेल असा फोटो काढा आणि कोन बदलण्याची किंवा तुमच्या दाराचा भाग झाकण्याची लेखी मागणी समोरच्या घरमालकाला व त्यांच्या सोसायटीला करा. घराच्या आत महिलेचं खासगी क्षणातलं चित्रण होत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. कुणाच्याही खासगी अवयवांचं संमतीविना चित्रण झालं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई. नुसता कॅमेरा रोखलेला दिसणं या कलमांना पुरत नाही. त्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण कुणी दाखवलं किंवा पुढे पाठवलं तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या.