थंड पाण्यात पॅडलबोर्ड घेऊन उतरण्याआधी

नागपूरजवळच्या खिंडसी तलावात पॅडलबोर्डवर उभं राहून वल्हवताना तुझा तोल छान बसला हे बघून मनापासून आनंद झाला. पण आता कॅनडात ऑक्टोबरात बोर्ड पाण्यात टाकणार असशील, तर कपडे पाण्याचं तापमान बघून घाल. वर ऊन चांगलं पडलेलं असतं आणि खाली पाणी १० अंशांवर. नागपूरच्या डिसेंबरातली पहाटेची थंडी अंगावरच राहते, ही थेट छातीत शिरते.

पडलास की पहिलं मिनिटभर श्वास आपोआप जोरात ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच घात होतो. पोहू नकोस, बोर्डवर चढायची घाईही नको. लाइफ जॅकेटच्या आधाराने पाठीवर तरंग, श्वास ताब्यात येऊ दे, मग चढ. पण फार रेंगाळूही नकोस. साधारण १० मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात, पट्टासुद्धा धरवत नाही. म्हणून जॅकेट अंगातच हवं, बोर्डला बांधलेलं चालणार नाही.

सुती कपडे बिलकुल नको. निओप्रीनचा (रबरासारख्या जाड कापडाचा) वेटसूट, म्हणजे ओला झाला तरी ऊब धरणारा अंगाला घट्ट बसणारा सूट, बूट, हातमोजे घे. पाणी आणखी गार असेल तर ड्रायसूट, म्हणजे आत पाणीच न येऊ देणारा सूट. लीश, म्हणजे तुला बोर्डशी जोडून ठेवणारी दोरी, घोट्याला, वाहत्या पाण्यात मात्र कमरेला, झटक्यात सुटणारी. हवेचा बोर्ड गरम खोलीत भरलास तर गार पाण्यावर तो मऊ पडतो, काठावर दाब पुन्हा तपास.

वारा काठाकडून आत वाहत असेल तर उतरूच नकोस, बाप्पा. एकटा तर कधीच नाही. कोरडे कपडे आणि थर्मासमधला चहा गाडीत हाताशी ठेव.