लांब इंग्रजी शब्द: जीभ एकीकडे तोडते, अर्थ दुसरीकडे

ताई, तुमची लेक सातवीत आहे, लांब इंग्रजी शब्द आला की अडखळते, आणि तो उच्चाराप्रमाणे तोडायचा की अर्थाप्रमाणे, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही, पण एकाच वेळी नाही. यवतमाळकडच्या खेड्यात इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, गाडी बहुतेक इथंच रुतते.

कास्तकाराच्या घरात इंग्रजी अक्षरं असतात ती फवारणीच्या डब्यावर. (डब्याला हात लावू देऊ नका, शब्द पाटीवर लिहा.) इन्सेक्टिसाइड घ्या. अर्थाने तोडला तर इन्सेक्ट म्हणजे कीटक, साइड म्हणजे मारणारं, मधला आय नुसता सांधा. हे लॅटिनमधून आलेलं साइड आणि आपलं 'नाशक' एकाच कामाचे. हर्बिसाइड तणनाशक, फंगिसाइड बुरशीनाशक. एक शेपटी कळली की चार शब्द सुटतात. याच घराण्यातला एक शब्द आमच्या भागात पेपरात नेहमी येतो. तो मी वर्गात घेत नाही.

बोलताना मात्र इन्सेक्टमधला टी पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो: इन-सेक-टि-साइड. हनुवटीखाली तळहात धरून म्हणायला लावा, चार धक्के लागतील. जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे, स्पेलिंगमध्ये व्हॉवेल कितीही असोत.

हेलिकॉप्टरची तर आणखीच गंमत. मुळात ते ग्रीक 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख. तोंड तोडतं हे-लि-कॉप-टर. आपण 'प्ट' जोडून लिहितो म्हणून पोट्टे 'कॉ'वर थांबतात आणि 'प्टर'शी झटापट करतात. त्यांची चूक नाही, जोडाक्षराने फसवलेलं असतं. असा शब्द सुरुवातीला पाय मोडूनच लिहून द्या.

स्पेलिंगला अर्थाची फोड कामी येते. जर्मिनेशनमध्ये 'शन' ऐकू येतं म्हणून एस-एच लिहिलेलं मी दरवर्षी तपासतो. आधी जर्मिनेट लिहायला लावा. त्यातला टी तसाच राहतो, उच्चार तेवढा बदलतो. इरिगेट-इरिगेशनचंही तेच. वाचताना जोर 'शन'च्या आधीच्या तुकड्यावर, म्हणजे 'ने' आणि 'गे'वर.

अॅडमिटचं अॅडमिशन होताना मात्र टी जातो आणि डबल एस येतो. तो सरळ पाठच करायला लावा, दर जूनमध्ये शाळेच्या फाटकावर लिहिलेला असतोच.