वाचकांचे प्रश्न : हौदातले बेडूकमासे

प्रश्न : अंगणातल्या सिमेंटच्या हौदात पावसाचं पाणी साचून बेडूकमासे झाले. पाय फुटेपर्यंत धडधाकट होते, आता रोज दोन-चार मरून तरंगतात. पाणी स्वच्छ आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पिल्लं बुडून मरत असावीत. बेडूकमासा आधी कल्ल्यांनी श्वास घेतो. मागचे पाय पहिल्यांदा फुटतात, नंतर पुढचे. पुढचे बाहेर पडतात तोवर कल्ले संपत आलेले असतात आणि श्वासाची भिस्त फुफ्फुसांवर व कातडीवर येते. अशा वेळी पाण्याबाहेर बसायला जागा हवीच. हौदाच्या उभ्या, गुळगुळीत भिंतीवर सगळ्याच पिल्लांना चढता येत नाही; ती पोहून पोहून दमतात.

आजच एक खडबडीत फळी तिरकी लावा : खालचं टोक तळाला, वरचं काठावर. तिला ओलं गोणपाट सुतळीने बांधा. फळी सावलीत आणि भिंतीला चिकटून ठेवा.

शेपूट आटत असताना पिल्लू जवळपास काही खात नाही, शेपटीवरच निभावतं. भात-पोळी टाकलीत तर ती कुजून पाण्यातला ऑक्सिजन संपवेल. अजून पाय न फुटलेल्यांना उकडलेला पालक नखाएवढा पुरे, उरलेला दुसऱ्या दिवशी काढा. भर घालायचं नळाचं पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवा. क्लोरीन त्यांना सोसत नाही.

मेलेले दिसत नाहीत आणि संख्या मात्र घटतेय, असं झालं तर त्यात मोठ्या हिरव्या बेडकाची पिल्लं असू शकतात. ती इतर बेडूकमासे खातात. सगळे उचलून सिद्धेश्वर तलावात सोडू नका, तिथे मासे त्यांना फस्त करतील आणि रोगही पसरू शकतो.

प्रश्न : पावसाळा संपला की बेडूक जातात कुठे?
— एक शेतकरी, बार्शी

उत्तर : बरेचसे जमिनीत, काही बांधाच्या दगडांखाली, काही काळ्या रानाच्या भेगांत. बिळात राहणाऱ्या जातीच्या मागच्या तळव्याला खोऱ्यासारखी टणक कड असते. असा बेडूक पाय झाडत मागे मागे सरकतो आणि माती आपोआप वर पडते. आत हालचाल जवळपास थांबते, साठलेल्या चरबीवर महिने निघतात. उन्हाळ्यात खणताना सापडला तर पाण्यात टाकू नका, त्याला खायला बाहेर किडे नसतात. सावलीतल्या ओलसर भुसभुशीत मातीत ठेवा, वर पालापाचोळा पसरा. फवारणीचे हात मात्र आधी धुवा, कारण बेडूक कातडीतूनच पाणी पितो आणि औषधही तसंच शोषतो.