तिसऱ्या कॉर्नरचा रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तक्ता मिळाला. ७४ स्नॅपपैकी (स्नॅप म्हणजे चेंडू हलला की होणारा एकेक डाव) ७१ एकाच कॉर्नरने (कडेचे पास अडवणाऱ्या बचावपटूने) खेळले, राखीव पोराच्या वाट्याला तीन. खाली तू लाल अक्षरांत लिहिलंयस, 'रोटेशन ६५-३५ करावं.' पुण्याहून संख्याशास्त्र शिकायला आलेला मुलगा असंच लिहिणार. पण हा कागद कोचच्या टेबलावर ठेवण्याआधी जरा दम धर. मी इथल्या एका शाळेच्या संघासाठी बारा वर्षं असे तक्ते भरलेत, आणि सुरुवातीला माझी अक्षरंही लालच असायची.

पहिली गोष्ट, तू सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) आणि कॉर्नर दोघांना एकच सूत्र लावलंयस. पुढच्या फळीतले आडदांड गडी सतत आतबाहेर करतात, कारण तिथे नवखा चुकला तर बहुतेकदा चार यार्ड जातात. सेकंडरीत, म्हणजे पास अडवणाऱ्या मागच्या फळीत, चुकला तर टचडाउन, सहा गुण. त्यातही सेफ्टीला तोंड चालवावं लागतं. समोरची मांडणी बदलली की कोण कुणाला धरणार, हे तो ओरडून सांगतो. कॉर्नर फिरवता येतो, पण संघाचा आवाज फिरवायला कोच कचरतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुसरं, सगळे स्नॅप सारखे दमवत नाहीत. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमध्ये (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन रांगांमध्ये) ४० फूट अंतर असतं, व्यावसायिकांच्या एनएफएलमध्ये साडेअठराच. त्यामुळे चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. एक बोळ, एक माळरान. माळरानावर राखण करणाऱ्याचे पाय आधी जातात. तुझ्या तक्त्यात बाजूचा रकानाच नाही.

आणि बदल करायला वेळ कुठे मिळतो? समोरच्यांनी गडी बदलला, तरच पंच आपल्याला बदलायला अवधी देतात. घाईने खेळणारे संघ मुद्दाम तेच अकरा जण ठेवतात, मग तुझा धापा टाकणारा कॉर्नर आतच अडकतो. म्हणून टक्केवारी सुचवू नकोस, ड्राइव्ह (समोरच्यांकडे चेंडू सलग राहतो तेवढा खेळ) सुचव. 'दुसऱ्या क्वार्टरची पहिली ड्राइव्ह तिसऱ्या कॉर्नरची', हे मंगळवारीच ठरलं पाहिजे, म्हणजे तो पोरगाही आठवडाभर त्या ड्राइव्हसाठी तयारी करतो. मी एका वर्षी 'दमला की बदलू' असं सुचवलं होतं. दमलेला सोळा वर्षांचा मुलगा कधी हात वर करतो का? शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याच्या डोक्यावरून दोन पास गेले. त्या रात्री त्याच्या वडिलांकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

तू कोलंबसात राहतोस, म्हणजे हे जखमेवर मीठ, तरी सांगतो. २८ डिसेंबर २०१९, फिएस्टा बोल. तुझ्या गावचं ओहायो स्टेट १६-० ने पुढे. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा कॉर्नर शॉन वेड (आडनावावर कोट्या करायच्या नाहीत) क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सवर आदळला आणि टार्गेटिंगसाठी (डोक्याच्या धोकादायक धडकेसाठी) बाहेर काढला गेला. २०१३ पासून या चुकीला थेट हकालपट्टी आहे. त्याच ड्राइव्हवर क्लेमसनचं टचडाउन, मध्यंतराला १६-१४, शेवटी क्लेमसन २९-२३. एका गड्यापायी सामना गेला असं मी म्हणणार नाही, त्या रात्री बरंच काही घडलं. पण वेड स्लॉटमध्ये, म्हणजे पुढची फळी आणि कडेचा गडी यांच्या मधल्या जागेत, खेळायचा. ती जागा कडेच्या कॉर्नरहून वेगळी, दोन्हीकडून पळवणारी. तिथे उभं राहायची सवय किती जणांना आहे, हा आकडा त्या आठवड्यात माझ्या हातात असता तर मी तोच सगळ्यात वर लिहिला असता.

तू खो-खो खेळलायस ना? पहिली तुकडी झटपट बाद झाली की दुसरीला बुटाची नाडी बांधायलाही सवड नसते. इथेही तसंच. डेप्थ चार्टवर (कुठल्या जागी कोण पहिला, कोण राखीव या यादीवर) पंधरा नावं असून भागत नाही. निकेल (स्लॉट राखणाऱ्याची जागा) आणि कॉर्नर दोन्ही येणारे तिघं असले, तर ती पंधरा नावांहून मोठी श्रीमंती.

मोठ्या कॉलेज संघांची खेळाडूंची यादी २०२५ पासून १०५ जणांवर आली आहे. त्यात भर म्हणून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायची सोय, आहेच. तीन-तीन स्नॅपवर ठेवलेला पोरगा हंगाम संपल्यावर दुसऱ्या गावात दिसेल. नवख्यांसाठी मात्र २०१८ चा नियम कामाचा आहे. चार सामन्यांपर्यंत उतरवलं तरी त्यांचं खेळायच्या पात्रतेचं वर्ष शाबूत राहतं. ते चार सामने कोणते, हे आत्ताच कोचना विचार. नोव्हेंबरात दुखापती वाढतात, तेव्हा एखाददुसरा शिल्लक असू दे.

लाल शाई ठेवून दे. शनिवारचा तक्ता नव्याने भर: बाजू, ड्राइव्ह, समोरच्यांनी गडी बदलला की नाही, आणि कोण कुठल्या दुसऱ्या जागी उभा राहू शकतो. रविवारी दुपारी पाठव, सकाळी मी झोपलेला असतो.

तुझा,
काका